खामगावची जुनी जिन-प्रेस पाडली: आठवणी, फोटो, कागद असतील तर इथे लिहा

काळीमाती

नमस्कार मंडळी. खामगावात रेल्वेच्या अंगाला जी जुनी जिन-प्रेस (कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारा कारखाना) होती, तिची शेवटची उभी इमारत, म्हणजे प्रेसचा उंच भाग, यंदा पाडला गेला. जिनचे हॉल त्याआधीच गेले होते, चिमणी त्याच्याही आधी. आता तिथे मुरूम टाकून प्लॉट पाडलेत. जागेच्या मालकीचा वाद चालू आहे, म्हणून मालकांचं किंवा पेढीचं नाव मी लिहिणार नाही, प्रतिसादांतही कुणी लिहू नये ही विनंती. धागा इमारतीबद्दल आहे.

देऊळ किंवा वाडा पडणार असता तर गावातले चार लोक तरी आडवे आले असते. जिन पडली तेव्हा भंगारवाल्याशिवाय तिकडे कुणी फिरकलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खामगावला शहर बनवलं ते याच इमारतींनी. आज गावाचं नाव चांदीसाठी घेतात, पण चांदी घ्यायला गावात पैसा आला तो कापसातून, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, १८६५ ला युद्ध संपताच तो ओसरला, बॅकबेच्या समुद्रभराव कंपनीच्या शेअरमध्ये पेढ्या बुडाल्या, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. वऱ्हाडात काय उरलं ते मात्र कमी लिहिलं जातं. उरली रेल्वे, कापसाचे बाजार आणि वाफेवर चालणारे कारखाने. १८६७ पर्यंत जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची गाडी मुंबईहून थेट नागपूरपर्यंत जाऊ लागली. मुख्य मार्ग खामगावला टाळून जलंबवरून गेला होता, म्हणून आठ मैलांचा फाटा टाकला आणि मार्च १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडायला खामगावला आले. त्या वेळी कापसाच्या व्यापारात खामगाव अमरावतीच्याही पुढे होतं. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो यावरून बाजाराचं वजन लक्षात घ्या. (मेयोंचा पुढे १८७२ च्या फेब्रुवारीत अंदमानात खून झाला.)

फाटा आल्यावर रुळांच्या कडेने जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. आपली इमारत त्याच पिढीतली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली. मला आठवतात त्या गोष्टी: दोन-अडीच फूट जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्याची दर्जबंदी, बिडाचे गोल खांब, वर मंगलोरी कौलं आणि हवा खेळावी म्हणून छपराच्या माथ्यावर काढलेलं दुसरं छोटं छप्पर. प्रेसची इमारत तीन मजली उंचीची, पण आत मजले नव्हते, मध्यभागी नुसती यंत्राची जागा. अंगणात फरसबंदी ओटा, त्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गंज्या. फाटकाशी वजनकाटा.

मला हवंय ते असं: इमारतीच्या आतले फोटो (लग्नाच्या अल्बममध्ये मागे दिसत असली तरी चालेल), नकाशे, जुन्या पावत्या, कामगारांच्या आठवणी. वऱ्हाड-खानदेशातल्या दुसऱ्या गावांच्या जिनबद्दलही लिहा. सगळीकडे हीच गत झाली आहे.

टॉवरचौक

भोंगा! आमच्या घरातलं घड्याळ त्यावर लावायचे. सकाळच्या भोंग्याला वडील अंघोळीला जायचे. हंगाम संपला की भोंगा बंद व्हायचा आणि मग दोन-चार दिवस सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटायचं.

फोटो शोधतो. काकांच्या लग्नाची वरात त्या रस्त्यानेच गेली होती.

रोलर

मी जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात सगळी नोकरी घालवली, अकोला, अकोट, मलकापूर, खामगाव सगळीकडे. काळीमाती यांनी इमारत बाहेरून छान सांगितली आहे. ती तशी का होती ते आतून सांगतो. आत काय चालायचं हे कळल्याशिवाय ती भिंत तेवढी जाड का आणि छप्पर तेवढं उंच का, ते कळत नाही.

बोंडातून येतो तो कापूस. त्यात सरकी असते. सरकी काढली की उरते ती रुई. एक क्विंटल कापसातून ढोबळमानाने ३३ ते ३५ किलो रुई मिळते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. पूर्वी हे काम घरोघरी बायका हाताच्या लाकडी चरकीवर करायच्या. अमेरिकेत व्हिटनीने १७९३ मध्ये दातेरी करवतीची जिन काढली, पण आपल्या आखूड धाग्याच्या कापसाच्या ती चिंधड्या करायची. इकडे चालली ती मॅकार्थीची रोलर जिन. १८४० चा शोध, तोही अमेरिकेतलाच, पण आपल्याकडे यंत्रं यायची ती बहुतेक इंग्लंडहून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून. चामडं गुंडाळलेला रोलर फिरतो, धागा चामड्याला चिकटून घट्ट बसवलेल्या पात्याखालून ओढला जातो, सरकी पात्याला अडते आणि दुसरं हलतं पातं तिला ठोकून खाली पाडतं. एवढंच. शंभर-दीडशे वर्षांत मूळ तत्त्व बदललेलं नाही, आजच्या डबल रोलरमध्येही तेच आहे.

अशा जिन दोन रांगांत मांडायच्या, मधून किंवा तळाशी एक लांब शाफ्ट, त्यावरून प्रत्येक जिनला पट्टा. शाफ्टला ताकद वाफेच्या इंजिनाची. एवढा लांब शाफ्ट थरथरला की भिंतीला तडे जातात, म्हणून भिंती जाड. हवेत सतत तंतू उडतात, म्हणून माथ्यावर वारा काढायला ते दुसरं छप्पर. बॉयलरचं घर वेगळं आणि दूर, कारण कापसाला आग लागायला ठिणगीही पुरते. कापसात आलेला एखादा खडा पात्यात अडकला तरी आग. म्हणून जिनमधून निघालेली रुई आधी पाला हाउसमध्ये यायची, तिथे पसरून, पाण्याचा हलका हात मारून मग प्रेसकडे.

आता प्रेस. वर एक खोल पेटी. माणसं त्या पेटीत उतरून रुई पायाने तुडवायची. पेटी भरली की दारं बंद, पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या ती रुई दाबत न्यायचा. दाब धरलेला असतानाच लोखंडी पट्ट्या आवळायच्या. पेटी, खाली दट्ट्या, त्याखाली खड्डा, हे सगळं उभ्या रेषेत असल्यामुळे इमारत उंच आणि आतून पोकळ. गठाण निघायची ३९२ पौंडांची, दोन गठाणी म्हणजे मुंबईची ७८४ पौंडांची एक खंडी. आता गठाण १७० किलोची धरतात.

रेल्वेच्या कडेलाच प्रेस का? सैल बांधलेली रुई डब्यात फार जागा खाते. अर्धवट दाबलेले गठ्ठे आधी मुंबईला कुलाब्याला न्यायचे आणि तिथे बोटीवर चढवण्याआधी पुन्हा दाबायचे. गावातच पक्की गठाण झाली की एका डब्यात कितीतरी जास्त माल जातो आणि वाटेत कुणाला त्यात माती-पाणी मिसळता येत नाही. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसचा शिक्का सक्तीचा केला. त्या शिक्क्याची पत्र्याची कोरलेली पाटी कुणाच्या घरी सापडली तर फेकू नका, प्रेसची ओळख पटवणारा तो सर्वात पक्का पुरावा आहे.

वावर

राम राम. सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण माझं मन तेवढं भरून येत नाही, ते खरं ते सांगतो.

आमच्या घरात जिनचं नाव निघालं की आज्याच्या तोंडून वेगळ्याच गोष्टी निघायच्या. बंडी जुंपून रात्रभर चालायचं, पहाटे बाजारात लागायचं. दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवणार, ज्याचा माल त्यालाच भाव कळणार नाही. बाजारात एक भाव बोलायचा, जिनच्या काट्यावर गेलं की माल ओला आहे, कवडी (खराब, कडक कापूस) आहे म्हणून पाडायचा. बंडी अर्धी रिकामी झालेली, बैल थकलेले, माणूस परत कुठं नेणार? मग अडत, हमाली, मापाई, धर्मादाय, कटती (कपात). पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) हातात पडेपर्यंत आज्याला हिशेब लागत नव्हता, कारण वाचता येत नव्हतं.

कायदे झाले नाहीत असं नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ ला आपल्याच कारंज्यात झाला, १८९७ ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. पण त्या समित्यांत वजन व्यापाऱ्यांचंच. आणि जिनवाल्यांचे 'पूल', म्हणजे मालकांचे गट, विसरू नका. गावात गरजेपेक्षा जास्त जिन झाल्या की मालक एकत्र येऊन दर ठरवायचे, काही जिन पूर्ण हंगाम बंद ठेवायचे आणि बंद जिनच्या मालकालाही वाटा द्यायचे. तो वाटा शेवटी शेतकऱ्याच्या कापसातूनच जायचा.

ज्वारीची जमीन कापसाखाली गेली, पैसा आला आणि १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा पेवात धान्य नव्हतं. हे सगळं त्या जाड भिंतीत आहे. म्हणून ती पडली तर मी रडणार नाही.

काळीमाती

वावर दादा, तुम्ही लिहिलं ते या धाग्यात असायलाच हवं होतं, मनापासून आभार. मी त्या इमारतीचं मंदिर करा म्हणत नाही. पण आज्याला जिथे फसवलं तो काटा, तो ओटा, ते फाटक आज दाखवायला राहिलं नाही. उद्या तुमच्या मुलाला तुम्ही रुमालाखालचा भाव सांगाल तेव्हा जागा कोणती दाखवाल? पाडणाऱ्यांनी शेतकऱ्याचा विचार करून ती पाडलेली नाही. तिथे शेतकऱ्यासाठी काही होणारही नाही.

कटतीचे कागद, पट्ट्या घरात असतील तर ते फोटोंपेक्षाही मोलाचे आहेत.

जुनेनकाशे

काळीमाती यांनी गोष्ट १८५३ पासून सुरू केली, ती पाव शतक मागे न्यावी लागेल. वऱ्हाडात कापसाचं दाबकाम वाफ येण्याच्या फार आधीपासून होतं.

रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस जायचा कुठे? बराचसा उत्तरेला. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून लमाणांचे तांडे नागपूरवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचे, सुमारे ५०० मैल, तिथून नावेने कलकत्त्याला. वाटेत पाऊस लागला तर गोणी भिजून दुप्पट जड व्हायची, बैल बसायचे. धूळ आणि पाला तर कापसात मिसळणारच. मुंबई जवळ होती, पण घाटातून गाडीरस्ता धड नव्हता.

ही दिशा बदलली दोन पारशी भावांनी, विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी. १८२५-२६ च्या हंगामात त्यांनी वऱ्हाडातून मुंबईला मोठ्या प्रमाणावर कापूस पाठवला, तशी ती पहिलीच वेळ. रुई दाबायला त्यांनी वऱ्हाडात स्क्रू बसवले, म्हणजे माणसांनी फिरवायचे मोठ्या मळसूत्राचे दाब. हे लोक साधे व्यापारी नव्हते. निजामाचे सावकार, वऱ्हाडातल्या महसुलाचे मक्तेदार, औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांच्या नावाचा पेस्तनशाही रुपया पडायचा. पुढे निजामाच्या दरबाराशी बिनसलं आणि पेढी बसली.

त्यामुळे खामगावची जिन-प्रेस म्हणजे इंग्रजांनी मोकळ्या माळावर आणून ठेवलेली वस्तू नव्हे. बाजार आधीचा, पेढ्या आधीच्या, दाबायची गरजही आधीची. वाफ आणि रूळ नंतर आले. इमारतीचा इतिहास लिहिताना हे सुटू नये असं मला फार वाटतं, नाहीतर सगळं श्रेय व्हाइसरॉयच्या फीत कापण्याला जातं.

वणाकाठ

हिंगणघाटहून. आमच्या गावाचं नाव कापसाच्या जातीला होतं, लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटचा भाव वेगळा बोलला जायचा. १८६० च्या दशकात सरकारने या भागासाठी खास कॉटन कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नाक. त्यांच्या अहवालांत खामगाव आणि हिंगणघाट दोन्ही बाजारांचं तपशीलवार वर्णन आहे, बंड्यांच्या रांगांपासून वजनाच्या पद्धतीपर्यंत. काळीमाती, तुमच्या कामाला तिथूनच सुरुवात करा.

आमच्याकडे १८८१ ला बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी झाली. नागपूरला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला, कापूस पिकतो तिथेच सूत काढायचं म्हणून. एम्प्रेसच्या जागेवर आज मॉल आहे, नावात एम्प्रेस तेवढं राहिलं. नागपूरसारख्या शहरात, टाटांचं नाव असलेल्या गिरणीची ही कथा, तर तालुक्याच्या जिनला कोण विचारतो.

नांदुऱ्याची_लेक

माझी आजी जिनात कामाला होती. पूर्ण धाग्यात बायका फक्त हातचरकीपाशी आल्या, पुढे दिसल्याच नाहीत, म्हणून लिहिते.

जिनमध्ये अर्ध्याहून जास्त काम बायकांचं असायचं. गंजीवरून टोपल्यात कापूस भरून आणणं, त्यातला पाला, कवडी, खडे वेचणं, जिनच्या तोंडाशी बसून सारखा घास भरवत राहणं, सरकी उचलणं. पेटीत तुडवायला आणि गठाणी उचलायला पुरुष. आजी म्हणायची, "दिवाळी झाली का जिनात, होळी झाली का वावरात." तान्ही मुलं कापसाच्या ढिगावर झोपवलेली असायची. हंगामाच्या शेवटी आजीचा खोकला सुरू व्हायचा तो पावसाळ्यापर्यंत. तिच्या शेजारच्या बाईचं बोट पात्यात गेलं होतं, ती दुसऱ्या हाताने काम करत राहिली, कारण रोज बुडाला असता.

मी यावर थोडं वाचलं. मुंबई सरकारच्या १८८४-८५ च्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनबद्दल साक्षी झाल्या होत्या. पहाटे चार-पाचला आलेल्या बायका रात्री उशिरापर्यंत काम करायच्या, हंगाम भरात असला की दिवसाला जोडून रात्रही. हे कायद्याविरुद्ध नव्हतं! १८८१ चा फॅक्टरी कायदा शंभराहून कमी कामगारांच्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, म्हणजे जिन आपोआप सुटल्या. हंगामी कारखाने नीट कायद्याखाली आले ते १९११ मध्ये. याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी लढत होते. जिनमधल्या बायकांना संघटना नव्हती. हंगाम संपला की त्या पांगायच्या.

काळीमाती दादा, इमारतीचा नकाशा काढाल तेव्हा बायका कुठे बसायच्या, पाणी कुठे प्यायच्या, मुलं कुठे ठेवायच्या तेही त्यावर दाखवा. माझी एक मावशी अजून आहे, तिने तरुणपणी काही हंगाम केले आहेत. विचारून लिहीन.

रोलर

ताई, अगदी बरोबर लिहिलंत. एक भर घालतो: जिनच्या तोंडाशी बसायची जागा शाफ्टच्या उंचीवर ठरायची, माणसाच्या सोयीवर नाही. त्यामुळे पाठ वाकवूनच काम. मावशींना ओटा किती उंच होता ते नक्की विचारा.

दगडविटा

मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींची मोजणी करते. इमारत गेली म्हणजे सगळं गेलं असं नाही. अजून हाताशी काय आहे ते सांगते.

पहिलं, जागा. पाया अजून जमिनीत असेल. प्लॉटवर बांधकाम सुरू होण्याआधी मालकांच्या परवानगीने नुसतं फिरून बघा. प्रेसचा खड्डा सहसा पूर्ण काढत नाहीत, भरून टाकतात. बॉयलरच्या भट्टीच्या विटा वेगळ्या असतात, फिकट आणि जड, त्यांच्यावर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. बिडाच्या खांबाच्या तळाशी ओतकामाच्या कारखान्याचं नाव असतं. भंगारवाल्याकडे खांब अजून असतील तर लगेच फोटो घ्या, ते वितळायला गेले की संपलं. बॉयलरवर नोंदणी क्रमांक ठोकलेला असतो, त्यावरून सरकारी बॉयलर तपासणीच्या दप्तरात त्याची माहिती निघू शकते.

दुसरं, कागद. आपल्या भागात शहरातल्या अशा जागा बहुधा नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, असतात. भूमी अभिलेख कार्यालयात नझूल शीट मागा, त्यावर इमारतींच्या बाह्यरेषा असतात. वेगवेगळ्या वर्षांच्या शीट मिळाल्या तर कोणता हॉल कधी वाढवला तेही कळतं. रेल्वेचा साइडिंगचा (मालासाठी आत नेलेल्या रुळांचा) नकाशा मिळाला तर फारच उत्तम, कारण साइडिंग कुठपर्यंत आत जात होती त्यावरून गठाणी कुठून चढायच्या ते ठरतं.

तिसरं, आणि याचा मला खरा त्रास होतो. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, लेणी, देऊळ. मोठ्या शहरांत निदान वारसा-यादी असते, मुंबईत तिची नियमावली १९९५ पासून आहे. तालुक्याच्या गावात अशी यादी बहुतेक ठिकाणी नाहीच आणि असली तरी कारखाना तिच्यात येत नाही. जिन तर गावाच्या मध्यात, रेल्वेला लागून, मोठ्या मोकळ्या अंगणाची. आज तिच्या भिंतींपेक्षा तिच्या जमिनीलाच किंमत. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी (सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा) आली तेव्हा जुन्या जिनना पणन महासंघाचं काम मिळत होतं, त्यावर त्या तगल्या. ती योजना संपली, २००० नंतर केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून गावाबाहेर नवीन, पत्र्याच्या, यांत्रिक साफसफाईच्या जिन झाल्या. जुन्यांना त्यानंतर कामच उरलं नाही.

म्हणून पाडलेल्या एका इमारतीइतकंच लक्ष अजून उभ्या असलेल्यांकडे द्या. वऱ्हाड-खानदेशात प्रत्येक बाजाराच्या गावी एखादी तरी बंद जिन असेल. तिचा दर्शनी भाग, एक आडवा छेद, खांबांमधलं अंतर आणि यंत्रांच्या पायांची जागा एवढं मोजून ठेवलं तरी पुढचा माणूस ती कागदावर पुन्हा उभी करू शकतो.

आल्प्सच्या_पायथ्याशी

स्वित्झर्लंडमधून लिहितोय. कापसाचा व्यापार करणाऱ्या व्होलकार्ट ब्रदर्सचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबई, दोन्हीकडे एकदमच ही पेढी सुरू झाली. रेल्वे आल्यावर कापूस थेट पिकतो तिथे विकत घ्यायचा म्हणून त्यांनी वऱ्हाडात आपली माणसं बसवली, प्रेस घेतल्या. रॅली ब्रदर्सही तसेच. याच व्होलकार्टचं आणि टाटांचं मिळून १९५४ ला व्होल्टास झालं, ज्यांचे एसी आपण लावतो.

व्होलकार्टचे जुने कागद विंटरथूरला जपून ठेवलेले आहेत. मी तिथून गाडीने तासाभरावर राहतो. परवानगी घेऊन वऱ्हाडाच्या एजन्सींशी संबंधित काय आहे ते बघायला तयार आहे. आपली प्रेस त्यांची असेल-नसेल, पण त्या काळच्या वऱ्हाडातल्या प्रेसचे नकाशे किंवा फोटो सापडले तरी रोलर काकांना पुष्कळ काही ओळखता येईल. काय शोधायचं याची नेमकी यादी द्या, जर्मन हस्ताक्षर वाचायला माझ्या ओळखीचं माणूस आहे.

टॉवरचौक

वरातीचा फोटो मिळाला! घोड्याच्या मागे प्रेसची भिंत आणि तीन उंच खिडक्या दिसतात, एका खिडकीची गजांची जाळी वाकलेली आहे. चेहरे झाकून टाकतो.

काळीमाती

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कामं वाटून घेऊया.

टॉवरचौक, तो फोटो मोठ्या आकारात स्कॅन करा, खिडकीच्या विटा मोजून उंची काढता येते का ते दगडविटा ताई बघतील. मी भंगारवाल्याकडे जाऊन आलो. काही खांब अजून आहेत, तळाशी अक्षरं आहेत पण गंजाखाली आहेत. ताई, अक्षरं खराब न करता गंज कसा काढायचा? रोलर काका, विंटरथूरसाठी यादी तुम्हीच करा: प्रेसचा प्रकार, दट्ट्याचा व्यास, इंजिन कोणत्या कंपनीचं, तुम्हाला जे जे लागेल ते. वणाकाठ, रिव्हेट-कार्नाकच्या अहवालातली खामगावची पानं तुमच्याकडे असतील तर पाठवा. नझूल शीटचा अर्ज मी पुढच्या आठवड्यात करतो.

नांदुऱ्याची लेक, मावशींशी बोलणं झालं की त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. त्यांना चालत असेल तर आवाजही टिपून ठेवा.

दगडविटा

तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरांच्या कडा जातात. मऊ ब्रशने धूळ काढा, मग अक्षरांवर पातळ कागद धरून त्यावर कोळसा आडवा घासा, ठसा उमटेल. नंतर टॉर्च एका बाजूने तिरपा धरून फोटो घ्या. आणि खांबाची उंची, वरचा आणि खालचा घेर, तिन्ही मापं फूट-इंचात घ्या, कारण तो बनवणाऱ्याने फुटातच बनवला होता.

वावर

घरी फोन केला होता. आज्याची लोखंडी पेटी अजून माळ्यावर आहे. त्यात अडत्याच्या जुन्या पट्ट्या आहेत, काही मोडीत, काही बाळबोधमध्ये. कटती किती कापली, धर्मादाय किती घेतला, हमाली किती, सगळं त्यात मांडलेलं आहे. दिवाळीला गावी जातो तेव्हा एकेक सरळ करून स्कॅन करतो आणि नावं झाकून इथं टाकतो. मोडी वाचणारं कुणी आहे का इथं?